हंगामी मजुराची नोंद

'हंगामी' हा शब्द वऱ्हाडात सर्वांच्या तोंडी आहे. मृगाच्या सरींबरोबर शेतीचा हंगाम सुरू होतो, दिवाळीच्या सुमारास कापसाच्या वेचणीने तो भरास येतो, आणि जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने थंडावले म्हणजे तो संपतो. ह्या अवधीत निंदणारे, डवरणारे, फवारणारे, वेचणारे आणि रेच्यावर कापूस घालणारे असे लक्षावधी हात कामास लागतात; व हंगाम सरला की ते हात कोठे गेले ह्याची चौकशी कोणी करीत नाही. काम चार महिन्यांचे, म्हणून मजूरही चार महिन्यांचा, असा एक हिशेब आपल्या मनात होऊन बसला आहे. परंतु त्या मजुराचा देह बारा महिन्यांचा असतो. हंगामात त्या देहात जे शिरते, ते हंगामाबरोबर बाहेर पडतेच असे नाही.

आज आपणांपुढे जो इतिहास मांडावयाचा आहे, तो ह्या एका शब्दाचा आहे असे म्हटले तरी चालेल. सन २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ, अकोला, अमरावती व आसपासच्या जिल्ह्यांत कपाशीवर कीटकनाशक फवारताना अनेक शेतकरी व मजूर विषबाधेने दगावले. ही वार्ता काही आठवडे वर्तमानपत्रांतून गाजली आणि मागे पडली. तिची मुळे मात्र जुनी आहेत. आणि ती शोधू गेल्यास सुमारे दीडशे वर्षे मागे, वऱ्हाडातील जिनाच्या दाराशी, जावे लागते.

वऱ्हाड प्रांत सन १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढे १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीला एकाएकी सोन्याचे मोल आले. १८६७ साली लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचला. १८७० साली खामगावचा लोहमार्गाचा फाटा व तेथील कापसाचा बाजार खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो ह्यांच्या हस्ते उघडण्यात आला. अमरावतीच्या नावाचा इंग्रज व्यापाऱ्यांनी आपल्या जिभेप्रमाणे अपभ्रंश केला, आणि वऱ्हाडी कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' ह्या नावाने विकला जाऊ लागला. गाठींवर गावाचे नाव चढले. पण त्या गाठी बांधणाऱ्यांची नावे कोठेच चढली नाहीत.

कापूस जहाजावर चढण्यापूर्वी त्यातली सरकी काढावी लागते. त्यासाठी अकोला, अमरावती, खामगाव, धामणगाव अशा ठिकाणी वाफेच्या यंत्रांवर चालणारे जिन उभे राहिले. रेच्यापाशी बहुधा बाया असत. हवेत तंतूंची धूळ इतकी की डोक्यावरचा पदर पांढरा होऊन जाई. तीच धूळ श्वासावाटे छातीत जाई. कामाच्या तासांना धरबंध नव्हता. १८८४-८५ मध्ये मुंबईस जो कारखाना-आयोग बसला, त्याच्यापुढे शेजारच्या खानदेशातील जिनांविषयी साक्षी झाल्या. गर्दीच्या दिवसांत तेथील स्त्रिया पहाटेपासून रात्रीपर्यंत, आणि कधी कधी रात्रभरही, रेच्यावर बसत, असे त्यांतून उघड झाले.

आता कोणी विचारील, की त्या वेळी कायदा नव्हता काय? होता. हिंदुस्थानातील पहिला कारखाना-कायदा १८८१ साली झाला होता. परंतु 'कारखाना' कोणास म्हणावे ह्याची त्यात व्याख्या होती: जेथे यंत्रशक्तीवर काम चालते, जेथे शंभर किंवा अधिक माणसे राबतात, आणि जे वर्षातून चार महिन्यांपेक्षा अधिक काळ चालते, तेच कारखाने. ह्यातले शेवटचे कलम लक्षात घेण्याजोगे आहे. जिनाचा हंगाम आखूड. सबब पुष्कळसे जिन ह्या व्याख्येच्या बाहेर राहिले. तेथील धूळ गिरणीतील धुळीहून कमी नव्हती, तेथील दिवस लहान नव्हता. पण काम 'हंगामी' होते, एवढ्या कारणावरून कायद्याचे डोळे तिकडे वळले नाहीत. चार महिन्यांपेक्षा कमी चालणाऱ्या हंगामी कारखान्यांस कायद्याच्या कक्षेत आणावयास १९११ साल उजाडावे लागले. मधली तीस वर्षे ज्यांनी रेच्यावर काढली, त्यांच्या छातीचे पुढे काय झाले ह्याचा लेख कोठे नाही, कारण तो कोणी लिहिलाच नाही.

जिनातील बाईची ही गोष्ट ध्यानात ठेवून आता आपण शेताकडे वळू. ज्या काळाविषयी आपण बोलत होतो, त्या काळी वऱ्हाडच्या शेतात देशी कपाशी होती. तिचा धागा आखूड, पण ती ह्या मातीत व हवेत मुरलेली. बोंडअळी तिलाही लागे. परंतु अळीच्या उपद्रवावर तेव्हाच्या शेतकऱ्याजवळ राख, तंबाखूचे पाणी किंवा हाताने अळ्या वेचणे ह्यापलीकडे फारसा इलाज नव्हता. विष शेतात आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर ह्याने १९३९ साली दाखवून दिला, आणि त्याबद्दल त्यास १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास जर्मनीत गेरहार्ट श्राडर हा रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशके शोधता शोधता स्फुरदाच्या सेंद्रिय संयुगांपाशी येऊन ठेपला. १९३६ साली त्याच्या हाती जे लागले ते इतके घातक निघाले, की जर्मन सैन्याने ते युद्धातील विषारी वायू म्हणून उचलले. त्याच कुळातले दुसरे संयुग, पॅराथिऑन, पुढे शेतीसाठी बाजारात आले. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, असिफेट ही जी नावे वऱ्हाडातील लहान गावच्या कृषिकेंद्राच्या फळीवर दिसू लागली, ती ह्याच कुळातली आहेत.

ह्या विषाला आपल्याकडे 'औषध' म्हणतात, हेही येथे सांगितले पाहिजे. शेतकरी दुकानात जातो तो 'कपाशीचे औषध' मागतो. कपाशीच्या दृष्टीने ते औषध असेलही. परंतु शब्दाचा मनावर परिणाम होतो. ज्याला आपण औषध म्हणतो ते हातावर सांडले तर फार तर हात पुसावा असे वाटते, धावत जाऊन साबणाने धुवावा असे वाटत नाही.

ह्या नव्या विषाचा धोका आपल्या देशाला कळला तो शेतावरून नव्हे, तर स्वयंपाकघरातून. १९५८ साली मुंबई बंदरातून एक जहाज दक्षिणेकडे निघाले. त्यात धान्यमालाबरोबर पॅराथिऑनच्या, म्हणजे बाजारातील भाषेत 'फॉलिडॉल'च्या, पेट्याही होत्या. वाटेत विष गळाले व खाद्यमालात मुरले. केरळात व मद्रास राज्यात शंभरावर माणसे मृत्युमुखी पडली. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह ह्यांचा आयोग नेमण्यात आला. त्यातून जे विचारमंथन झाले त्याची परिणती १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात झाली, आणि १९७१ मध्ये त्याखालील नियम आले.

ते नियम आज वाचले तर वाचणारा थक्क होतो. कीटकनाशक हाताळणाऱ्या माणसास संरक्षक कपडे व श्वसनासाठी साधन पुरवावे. त्यास कामाचे शिक्षण द्यावे. जवळ प्रथमोपचाराचे साहित्य व उतारा ठेवावा. त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी, आणि स्फुरदयुक्त विषांवर काम करणाऱ्याच्या रक्तातील कोलिनेस्टरेज नावाच्या द्रव्याची मोजणी व्हावी, इतके सारे त्यांत आहे. कायद्याच्या २६ व्या कलमाने तर विषबाधेची प्रत्येक घटना कळविण्याचे बंधन घालण्याचा अधिकार राज्य सरकारास दिला. कायदा करणाऱ्यांनी धोका ओळखला नव्हता असे म्हणता येणार नाही. पण त्यांच्या डोळ्यांपुढे जो कामगार होता तो कारखान्यातला, गोदामातला, किंवा एखाद्या मोठ्या संस्थेच्या पगारपत्रकावरचा असावा. ज्याचा मालक आज हा व उद्या तो, ज्याला मजुरी पंपामागे मोजून मिळते, ज्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही, त्याच्या रक्ताची मोजणी कोणी करावी? १८८१ च्या कायद्यात जिनातली बाई व्याख्येच्या बाहेर राहिली. १९७१ च्या नियमांत फवारणारा मजूर कागदावर आत होता आणि प्रत्यक्षात बाहेर होता.

मध्यंतरी वऱ्हाडची शेती झपाट्याने पालटली. १९६९ साली अकोल्यास कृषी विद्यापीठ स्थापन झाले. देशाचे माजी कृषिमंत्री व अमरावती जिल्ह्याचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख ह्यांचे नाव ते आज धारण करते. १९७० च्या सुमारास संकरित कपाशीचे युग सुरू झाले. नव्या वाणांचा उतारा मोठा, धागा लांब. परंतु त्यांची कोवळीक किडीलाही मानवली. खत वाढले, पाणी वाढले, कीड वाढली, आणि किडीमागून फवारणी वाढली. विसाव्या शतकाच्या अखेरीस अशी स्थिती आली, की देशातील लागवडीच्या जमिनीत कपाशीचा वाटा सुमारे पाच टक्के, पण शेतीत वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकांपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या कपाशीवर पडत. २००२ साली बी.टी. कपाशीला परवानगी मिळाली, तेव्हा फवारणी आता संपली अशी आशा उत्पन्न झाली होती. काही वर्षे फवारे खरोखरच कमी झाले. पण पुढे गुलाबी बोंडअळीने त्या कपाशीलाही दाद देईनाशी केली, आणि पाठीवरचा पंप पुन्हा बाहेर निघाला.

येथे थोडा थांबून, हे विष माणसाच्या शरीरात काय करते ते सांगितले पाहिजे. कारण शहरातील बहुतेक कुटुंबांत अशी समजूत असते, की विष पोटात गेले तरच बाधते. स्फुरदयुक्त कीटकनाशक कातडीतूनही आत जाते. आपल्या मज्जातंतूंकडून स्नायूंना जो संदेश पोहोचतो, तो एका द्रव्याच्या योगाने. आणि काम झाले की ते द्रव्य नाहीसे करण्याची कामगिरी कोलिनेस्टरेज बजावते. विष ह्या कोलिनेस्टरेजला बांधून टाकते. मग संदेश थांबतच नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, दृष्टी अंधुक होते, घाम व लाळ सुटते, पोटात कळा येतात, अंगाचे स्नायू लवतात, छाती दाटते; आणि वेळीच उपचार न झाल्यास श्वास बंद पडतो. ॲट्रोपिन हा त्यावरील मुख्य उतारा होय, व तो दवाखान्यातच, वैद्याच्या देखरेखीखाली, द्यावयाचा असतो. मात्र सारीच कीटकनाशके ह्या कुळातली नसतात. डायफेंथ्युरॉनसारख्या काहींवर विशिष्ट असा उतारा नाही. रुग्णाची लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. म्हणून रुग्णाबरोबर बाटलीवरची चिठ्ठी दवाखान्यात आणणे हे अत्यंत अगत्याचे असते. आणि मजुराला तर बहुधा ठाऊकही नसते, की आज आपल्या पंपात मालकाने काय कालवले आहे.

आता फवारणीचा दिवस कसा असतो ते पाहा. श्रावण-भाद्रपदाची उघडीप पडलेली असते. जमीन ओली, हवा कोंदट. पाठीवर पंधरा-सोळा लिटरांचा पंप. बादलीत औषध कालवायचे, कधी काठीने, कधी हातानेच. पाणी आणण्याचे काम बहुधा घरच्या बाईकडे. पंपामागे मजुरी असल्याने पावले झपाट्याने पडतात. तोंडाला दुपट्टा बांधलेला असतो. परंतु तो तुषारांनी भिजला म्हणजे रक्षण करण्याऐवजी विष नाकातोंडाशी धरून ठेवतो. मध्येच खर्ऱ्याची पुडी उघडली जाते, ती त्याच बोटांनी. भाकरीही तशीच. संध्याकाळी अंगावरचे कपडे घरच्या बाईच्या हाती धुण्यास जातात, आणि तिच्या हातांना ते विष लागते. विषाची वाट अशी शेतापासून मोरीपर्यंत पोहोचलेली असते.

२०१७ साली ह्या नेहमीच्या धोक्यात चार-पाच गोष्टींची भर पडली. त्या वर्षी पऱ्हाटी फार उंच वाढली. काही ठिकाणी ती माणसाच्या छातीला, तर काही ठिकाणी डोक्याला लागली. कमरेएवढ्या झाडावर फवारताना तुषार खाली पडतात. डोक्याएवढ्या झाडावर फवारताना ते तोंडावर येतात. बॅटरीवर चालणारे नवे पंप आले होते. त्यांचा फवारा धुक्यासारखा बारीक, म्हणून हवेत अधिक वेळ तरंगणारा. अळीच्या धास्तीने दोन-दोन, तीन-तीन कीटकनाशके एकत्र कालवण्यात येत होती. वारा पडलेला, उष्मा भारी. जुलैपासून दवाखान्यांत रुग्ण येऊ लागले आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत त्यांची रीघ लागली. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली व शेकडो रुग्णालयांत दाखल झाली; अकोला, अमरावती व बुलढाणा ह्या जिल्ह्यांतही बळी गेले. कित्येकांची दृष्टी काही काळ गेली होती.

सरकारने अमरावती विभागाच्या आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले. नागपूर खंडपीठापुढे जनहितार्थ अर्ज आला. नोव्हेंबर २०१७ मध्ये यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा व वाशीम ह्या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीस साठ दिवसांची मनाई करण्यात आली. मनाई नोव्हेंबरात आली, तेव्हा फवारणीचा भर ओसरून वेचणी सुरू झाली होती. तपासात जी एक गोष्ट उजेडात आली, ती आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. ज्या कोलिनेस्टरेजची मोजणी व्हावी असे १९७१ च्या नियमांत लिहिले होते, त्याची तपासणी करण्याची सोय सेहेचाळीस वर्षांनंतरही यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नव्हती. जेथे रुग्ण शेकड्यांनी येत होते, तेथेच विषाचे माप घेण्याचे साधन नव्हते.

आणि माप नसले म्हणजे दोष कोणाचा ठरतो? ज्याच्या बाजूने कागद नाही त्याचा. मजुराने हातमोजे घातले नाहीत, चष्मा लावला नाही, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारले, असे अनेकांनी सांगितले. आणि त्यात असत्य होते असेही नाही. पण भाद्रपदाच्या उष्म्यात, चिखलातून, पाठीवर सोळा लिटरांचे ओझे घेऊन, आपादमस्तक प्लॅस्टिकच्या पोषाखात दिवसभर चालणे कोणास शक्य आहे, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. विक्रेत्याजवळ पावती होती, कंपनीजवळ चिठ्ठीवरील सूचनेचा आधार होता, मालकाजवळ सात-बारा होता. मजुराजवळ काय होते?

सात-बाराचा उल्लेख सहज केलेला नाही. शेतकऱ्यास अपघात झाल्यास त्याच्या घरास दोन लाख रुपयांपर्यंत साहाय्य देणारी योजना महाराष्ट्रात आहे. गोपीनाथ मुंडे ह्यांचे नाव तिला दिलेले आहे, आणि तिच्या अपघातांच्या यादीत कीटकनाशकाची विषबाधाही आहे. परंतु ती योजना सात-बारावर ज्याचे नाव आहे अशा खातेदाराकरिता व त्याच्या कुटुंबाकरिता. भूमिहीन मजूर दुसऱ्याच्या शेतात पंप चालविताना पडला, तर तो त्या यादीत बसत नाही. एकाच बांधावर, एकाच विषाने, एकाच दिवशी दोघे पडले, तरी कागद त्यांना वेगळे करतो.

ही उणीव केवळ वऱ्हाडाची आहे असे मात्र कोणी समजू नये. ज्याने विष निर्माण केले नाही, पण ज्याच्या हातांनी ते हाताळले वा उपसले जाते, अशा हंगामी मजुराची दशा जगात अन्यत्रही अशीच आढळते. समुद्रात तेल सांडते तेव्हा ते काढण्यास जी माणसे जातात, त्यांचा इतिहास ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर 'एम.एस.सी. चित्रा' व 'खलिजिया ३' ह्या जहाजांची टक्कर झाली. सुमारे आठशे टन तेल समुद्रात गेले, आणि तेलाबरोबर कीटकनाशके भरलेले कंटेनरही वाहून गेले. २८ जानेवारी २०१७ रोजी, म्हणजे वऱ्हाडात माणसे पडली त्याच वर्षी, चेन्नईजवळ एन्नोरपाशी दोन जहाजे आदळली. तेथील किनाऱ्यावरचे दाट काळे तेल मच्छीमार, मजूर व विद्यार्थी बादल्यांनी उपसत होते. अनेकांच्या हातापायांना पुरेसे आवरणही नव्हते. अशा तेलातून बेंझीनसारखी द्रव्ये उडतात व श्वासात जातात. डोके दुखते, डोळे चुरचुरतात, खोकला धरतो, कातडीवर पुरळ उठते. किनारा स्वच्छ झाला की मजुरी चुकती होते व माणसे घरी जातात. पुढे त्यांचा खोकला राहिला की गेला, हे कोणास कळावे?

अमेरिकेतही आरंभी असेच झाले. २४ मार्च १९८९ रोजी अलास्काच्या किनाऱ्यावर 'एक्झॉन व्हाल्डेझ' ह्या जहाजातून सुमारे ३७ हजार टन तेल सांडले. ते काढण्यासाठी दहा हजारांहून अधिक माणसे लावण्यात आली. माशांची, पाणपक्ष्यांची व समुद्रातील ऊदमांजरांची मोजदाद वर्षानुवर्षे झाली; पण त्या मजुरांच्या प्रकृतीचा तसा दीर्घ पाठपुरावा झाला नाही. २००२ साली स्पेनच्या गॅलिसिया किनाऱ्यालगत 'प्रेस्टीज' हे जहाज बुडाले. तेथे मात्र संशोधकांनी तेल काढणाऱ्या हजारो मच्छीमारांची पुढे तपासणी केली, आणि एक-दोन वर्षांनंतरही त्यांच्यात श्वसनाचे विकार टिकून असल्याचे दिसले. ज्याने अधिक दिवस काम केले त्यास त्रासही अधिक. नंतर एप्रिल २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन'चा स्फोट झाला, तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी अलास्काचा धडा घेतला. स्वच्छतेच्या कामाशी संबंध आलेल्या सुमारे ३३ हजार माणसांची नोंद करून त्यांच्या प्रकृतीचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्यात आला, आणि दम्यासारख्या लक्षणांचा व हृदयविकाराचा तेलाच्या संपर्काशी संबंध आहे की काय, हे तपासून पाहता आले.

अलास्कात ज्या प्रश्नांना वाचा फुटली नाही, त्यांना आखातात वाचा फुटली, ह्याचे कारण काय? आखाताच्या वेळी नावांची यादी केली होती. कोणी काम केले, किती दिवस केले, कोणत्या जागी केले, एवढे टिपून ठेवले की पाच वर्षांनी आलेला खोकला कशाचा हे विचारता येते. यादी नसेल तर प्रत्येक खोकला हा त्या माणसाचा खासगी खोकला होऊन बसतो, आणि खासगी दुखण्याला दाद मागण्याची जागा नसते.

वऱ्हाडात २०१७ नंतर काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. संरक्षक साहित्याचे वाटप झाले, शेतकऱ्यांसाठी शिबिरे भरली, रुग्णालयांतील डॉक्टर अशा रुग्णांविषयी अधिक सावध झाले. तपास पथकाने मोनोक्रोटोफॉसवर बंदी घालण्याची शिफारस केली होती. २००५ सालापासून भाजीपाल्यावर ज्याला मनाई होती, त्या विषाच्या ३६ टक्के द्रावणावर अखेर २०२३ मध्ये केंद्र सरकारने बंदीचा हुकूम काढला, व शिल्लक साठा संपविण्यास मुदत दिली. यवतमाळच्या बाधित कुटुंबांपैकी काहींनी तर आपले गाऱ्हाणे थेट स्वित्झर्लंडपर्यंत नेले. तेथील ज्या कंपनीचे कीटकनाशक फवारल्याचे ते सांगत होते, तिच्याविरुद्ध २०२१ साली बासल येथे दावा दाखल झाला. कंपनीने जबाबदारी नाकारली. वऱ्हाडातल्या एका वावरात घडलेली गोष्ट ऱ्हाइन नदीकाठच्या न्यायालयात मांडली गेली. आणि तेथेही मुख्य वाद हाच, की त्या दिवशी त्या पंपात नेमके काय होते, हे सिद्ध कसे करावयाचे?

तेव्हा करावयाचे काय? फार मोठ्या योजना सुचविण्याची आवश्यकता नाही. गावोगावी ग्रामपंचायत आहे, आशा कार्यकर्ती आहे, कृषी सहायक आहे. फवारणीच्या हंगामापूर्वी गावात पंप कोण चालवितो ह्याची एक वही करावी; त्यात भूमिहीनाचे नाव आधी लिहावे. ज्येष्ठात, म्हणजे विषाचा स्पर्श होण्यापूर्वी, त्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेज मोजून ठेवावे. भाद्रपदात पुन्हा मोजावे. दोन आकड्यांतील अंतर मोठे दिसले, तर तो मनुष्य पडण्याच्या आधीच त्याला शेतातून बाहेर काढता येईल. मूळचा आकडा ठाऊक नसेल तर नंतरचा आकडा अर्धाच बोलतो, कारण हे प्रमाण माणसागणिक वेगळे असते. मालकाने मजुरास औषधाचे नाव सांगावे व रिकामी बाटली बांधावरच ठेवावी. आणि विम्याचा कागद सात-बाराऐवजी ह्या वहीशी जोडावा. ह्यातले जवळजवळ सर्व १९६८ च्या कायद्यात व १९७१ च्या नियमांत बीजरूपाने आहेच. नवे आहे ते एवढेच, की हंगामी माणसालाही ते लागू आहे असे आपण मानावयाचे.

शहरातल्या कुटुंबांना ह्यात काय करण्यासारखे आहे, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येईल. आपण सुती कापड वापरतो, आपल्या गाद्यांत वऱ्हाडची रुई असते, सरकीचे तेल आपल्या तळणीत जाते. आपल्यापैकी पुष्कळांची गावाकडे शेती आहे, ती ठोक्याने किंवा बटईने दिलेली असते, आणि वर्षाकाठी आपण तिचा हिशेब घेतो: बियाणे किती, खत किती, औषध किती, मजुरी किती. त्या हिशेबाच्या वहीत एक रकाना वाढविणे आपल्या हाती आहे. यंदा आपल्या वावरात फवारणी कोणी केली, किती दिवस केली, आणि आता त्याची प्रकृती कशी आहे, हे त्यात लिहावे. जिनातल्या बाईचे नाव लिहिण्यास कोणी नव्हते म्हणून तिच्या दुखण्याचा इतिहास आपणांस आज सांगता येत नाही. फवारणाऱ्याच्या बाबतीत तीच सबब पुढच्या पिढीला द्यावी लागू नये.